पूर्ण तबकडी

तेव्हा समुद्राखालचा बोगदा नव्हता.
व्हार्डोहून पलीकडे जायचं तर बोट,
आणि बोटीचं तिकीट.
हे आधीच सांगते, पुढे लागेल.

डिसेंबर. सूर्य केव्हाच गेलेला,
भर दुपारी खिडकीत निळी शाई,
वर्गभर ओल्या लोकरीचा वास.
मी जस्ताचा पत्रा काचकागदानं घासला
(जस्त लगेच मळतं, मग कुणाचं ऐकत नाही),
विद्युतदर्शीच्या डोक्यावर ठेवला,
एबोनाइटच्या कांडीनं ऋण भार दिला.
सोन्याचा वर्ख दांडीपासून फाकला
आणि तसाच राहिला,
टवकारलेल्या कानासारखा.

आधी लाल दिवा. वर्ख ढिम्म.
मग दोन लाल.
मग हल्वार्डच्या बोटीचा डाव्या अंगाचा कंदील,
जो रौनोनं बापाला न विचारता आणला होता.
ढिम्म.
मग पाऱ्याचा दिवा. कुणाला त्याच्याकडे बघू दिलं नाही.
वर्ख उतरला,
बसल्याजागी झोपलेल्या पोराच्या मानेसारखा.
मध्ये खिडकीची काच धरली की थांबे,
काढली की पुन्हा उतरे.

रौनो म्हणाला, लाल रात्रभर ठेवू या.
थेंब थेंब साचेल की.

विचार वाईट नव्हता. ठेवला.

सकाळी वर्ख पडलेला!
रौनो बाकावर उभा.
मला त्याला खाली उतरवणं जिवावर आलं.
दुसऱ्या रात्री दोन विद्युतदर्शी ठेवले,
एक लाल उजेडात, एक कपाटातल्या अंधारात.
सकाळी दोन्ही सारखेच पडलेले.
हवेतली ओल भार चोरते, मी म्हटलं,
दिव्याचा त्यात हात नाही.
तो बराच वेळ रिकाम्या कपाटात बघत राहिला.

मग मी फळ्यावर धक्का काढला.
समजा, तिकीट दोन क्रोनर.
लाल उजेड ज्याला भेटेल त्याला एकच क्रोन देतो.
हजार दिवे लाव,
धक्क्यावर हजार जण, प्रत्येकाच्या मुठीत एक क्रोन,
आणि वर्गणी काढायची सोय नाही.
बोट रिकामीच.
अतिनील तीन देतो.
दोन तिकिटाला गेले, एक उरला,
तो उरलेला म्हणजे पलीकडच्या काठावरची त्याची धाव.
दिवा जवळ आणला तर जाणारे वाढतील,
खिसे नाही वाढणार.
आणि जे आतल्या गल्लीतून येतात
त्यांचे वाटेतच थोडे सांडतात,
म्हणून पलीकडे उतरलेले सगळे सारखे श्रीमंत नसतात.

नाणं मोडून मिळत नाही का, एगिलनं विचारलं.
नाही.
का नाही?
ते मला फळ्यावर काढता आलं नाही.
अजूनही येत नाही.

जानेवारीत सूर्य परत येतो.
कड दिसली तर ती धरत नाहीत, अर्धासुद्धा नाही.
पूर्ण तबकडी क्षितिजावर सुटली
तरच किल्ल्यावरून तोफ उडते, शाळेला सुट्टी.
त्या वर्षी तोफ उडाली तेव्हा
बेकरीतली टोरगुन्न रडत होती आणि नाही म्हणत होती,
हल्वार्डनं टोपी काढली,
टकलावर उजेड पडला म्हणून कुणीतरी हसलं.
रौनोनं कोटाखालून विद्युतदर्शी काढला,
पत्रा ताजा घासलेला, वर्ख फाकलेला.
काच नाही, भिंत नाही,
समोर अख्खा सूर्य,
तांबूस, पाण्याला जेमतेम न टेकणारा.

गाव ओरडत होतं. बर्फ गुलाबी झालं होतं.
वर्ख ढिम्म.

मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.
त्यानं पत्रा बाहीला पुसला.
मे महिन्यात, तो म्हणाला, सूर्य वर चढला की.
तुमच्याकडे काचकागद उरलाय का?